पणाला लावलेली ओळ

मूल, जि. चंद्रपूर
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

चि. सौ. गोकुळा हिला देवरावभाऊचे भरघोस आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे बरे आहे. तिकडचे कळावे म्हणून तीन दिवस तुझा फोन लावतो आहे आणि तीनही दिवस तो एक भारदस्त आवाजाचा तेलुगू गृहस्थ उचलतो आहे. पहिल्या दिवशी मी गोकुळा आहे का असे विचारले. त्याने काहीतरी सविस्तर सांगितले. दुसऱ्या दिवशी दोन्ही भाषांत चालतील असे संस्कृत शब्द निवडून ते एकामागून एक उच्चारले. भगिनी. क्षेम. समाचार. गृहस्थ हसला आणि त्याने फोन बायकोच्या हाती दिला. तिसऱ्या दिवशी तर त्या दोघांनीच माझी विचारपूस केली असावी, स्वर तसा होता. माणसे सज्जन आहेत. परंतु त्यांपैकी कोणीही माझी बहीण नाही.

म्हणून हे पत्र. डोमा दर शुक्रवारी मजुरांची जीप घेऊन खम्ममकडे निघतो आणि बुधवारी परत येतो, त्याच्या हाती देत आहे. सोबत साधनाने जवसाची चटणी पाठवली आहे. मिरची तोडायला गेलेल्या माणसांना तिखट कशाला, असे मी म्हणालो. तुझ्या वहिनीने माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी डबा बांधला.

तू या वर्षी चौदा बाया आणि नऊ माणसे अशी टोळी घेऊन गेलीस, तेव्हापासून गल्लीत माझी ओळख गोकुळाबाईचा भाऊ अशी झाली आहे. एकवीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून जी प्रतिष्ठा मिळाली नाही ती तू मला फुकट मिळवून दिलीस. शाळेतला आमचा बाबू वारलू तर रोज विचारतो, बाईची टोळी कशी आहे. जणू मी सेनापतीचा भाट आहे.

इस्तारीजींना नमस्कार. संक्रांतीपासून त्या बाजूला कोंबड्यांच्या झुंजी जोरात असतात असे ऐकतो. आमचे जावई प्रेक्षक म्हणून थोर आहेत. त्यांनी तेवढेच राहावे, ही इच्छा.

पत्राला उत्तर धाड, निदान त्या गृहस्थाचे नाव तरी कळव. माया आहेच, ती टिकवण्याची अर्धी जबाबदारी तुझी.

तुझा,
देवरावभाऊ

---

वेंकटापुरम, जि. खम्मम
मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. भाऊच्या पायाशी गोकुळाचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनीले सांग, चटणी पोचली न संपली. चौदा बाया होत्या.

भाऊ, तुह्यासंग जो बोलला तो इथल्या गावचा पिठगिरणीवाला हाये. फोन आता त्याचाच हाये. तुह्या जवायानं तो कोंबड्यावर लावला न कोंबडा मेला. गिरणीवाला म्हणे का तुह्या भावाचा आवाज लई गोड हाये, पोथी वाचल्यासारखा, त्याले रोज फोन करू दे.

टोळीतल्या रुखमाबाईच्या फोनवरून बोलली असती. पन इथी ताडपत्रीच्या झोपड्या, एकीनं बोललं का चौदा जणी ऐकतात न मधात सल्ला देतात. पत्रात कोणी मधात बोलत नाई.

फोन गेला तं गेला. खरी गोष्ट पुढं हाये, बसून वाच.

इथी तोडणीची मजुरी रोज भेटत नाई, सीझन संपल्यावर भेटते, तुले माहीत हाये. म्हणून माणसाच्या खिशात काईच नसते. पन रविवार तं येते. रविवारी तोडणी बंद. आपल्या बाया कपडे धुतात, उवा काढतात, झोपतात. माणसं काय करतीन? ते जातात आंब्याच्या बागेत. तिथी ताडी, तिथी पत्ते, तिथीच कोंबडबाजार. लावाले काई नाई, तं ओळ लावतात. म्हणजे असं. आपन सकाळी मिरचीची एकेक ओळ धरतो, दिवसभर तोडतो, सांजच्याले काट्यावर मिरचीनं भरलेली चुंगडी चढते न शेताचा मुकादम ज्याचं त्याचं नाव घेते. ओळ हरलेल्यानं तोडाचं, न वजन जिंकलेल्याच्या नावावर. हे आपल्या टोळीनं नाई काढलं, इथी लई वर्सापासून चालू हाये. सगळे पाळतात. जो पाळत नाई त्याले दुसऱ्या वर्सी कोणी जीपमधे घेत नाई.

इस्तारीनं आपल्या ओळी होळीपावेतो हरल्या. मंग त्यानं माह्या लावल्या. त्या बी होळीपावेतो.

मले त्यानं सांगितलं नाई. मले काट्यापाशी कळलं. मागच्या हप्त्यातल्या सोमवारी सांजच्याले माही चुंगडी चढली न मुकादमानं जंगूचं नाव घेतलं. मी म्हटलं, काऊन जी, चुकलं. तो म्हणे चुकलं नाई बाई, तुमच्या मालकाले विचारा. मी मागं पाह्यलं तं मालक कुठीच नाई.

हा जंगू सिरोंच्याकडचा, दुसऱ्या टोळीचा, मराठी न तेलुगू दोन्ही बोलते. वाईट माणूस नाई, हेच वाईट हाये. मले बाई म्हणते, पाण्याचा गुंड डोक्यावर उचलून देते, खोकला झाला तं अद्रक आणून देते, न सांजच्याले माही मिरची आपल्या नावावर घेऊन जाते.

इस्तारी दोन दिवस जेवला नाई. तिसऱ्या दिवशी जेवला. रुखमाबाई म्हणे का नवऱ्याले झाडाले बांधून ठेव. मी म्हटलं, मावशी, इथी झाडं आंब्याचेच हायेत, कोंबडबाजार तिथीच भरते.

भाऊ, मले मजुरीचा राग नाई येऊन राह्यला. सकाळी दव असते, बोटं गारठतात, मी ओळीच्या टोकावर उभी राह्यते न मले वाटते, हे झाडं माहे नाई. मंग हात चालत नाई. माहे हात आतापावेतो कधीच थांबले नव्हते.

वहिनीले हे सांगशील तं सांग. पत्र लांब लिहिजो, तुह्या रागावण्याची पन याद येते.

तुही,
गोकुळा

---

मूल
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. सौ. गोकुळा, आशीर्वाद. आज इतके पुरेत. बाकीचे शब्द मला दुसरीकडे लागणार आहेत.

पत्र दोनदा वाचले. नववीच्या वर्गाला धातू चालवायला लावून खिडकीपाशी उभा राहून तिसऱ्यांदा वाचले. मुलांनी धातू कुठे नेला मला ठाऊक नाही.

तू परत ये. डोमाला सांगितले आहे, जीपमध्ये तुझी जागा ठेवील. इस्तारीजींची जागा ठेवू नकोस असे मी त्याला सांगितले नाही, पण तो चतुर माणूस आहे. जावईबुवांना माझा नमस्कार कळवू नकोस. कळवायचेच तर असे कळव की नमस्कार रोखून धरला आहे.

मला सांग, ज्याच्या स्वतःच्या ओळी आधीच गेल्या, तो दुसऱ्याची ओळ कोणत्या अधिकाराने लावतो? प्रश्न फार जुना आहे. पूर्वी कुणीतरी भरसभेत विचारला तेव्हा थोरथोर माणसे जमिनीकडे पाहत बसली होती, तेव्हा तुझ्या मुकादमाकडून मी जास्त अपेक्षा करत नाही. पण फोन हरणे वेगळे. फोन माणसाने विकत घेतलेला असतो. हात कुणी विकत घेतलेले नसतात.

ही कोंबड्यांची झुंज म्हणजे मनुष्यबुद्धीच्या अधःपाताची परिसीमा आहे. दोन निरपराध पक्ष्यांच्या पायांना पाती बांधायची आणि शंभर सज्ञान पुरुषांनी त्यांच्याभोवती ओरडायचे. पक्षी तरी धान्य खातात. ही माणसे ताडी पितात, खर्रा चघळतात आणि बायकोचे दिवस लावतात. मी तिथे असतो तर त्या बागेच्या मधोमध उभा राहून बोललो असतो. साधना म्हणते, बरे झाले तुम्ही तिथे नाही, तुम्हालाही कुणीतरी लावले असते.

शनिवारी जीप पोचेल, मंगळवारी निघेल. बोचके बांध.

आमची माया तशीच आहे, फक्त सध्या तिला धाप लागली आहे.

देवरावभाऊ

---

वेंकटापुरम
मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. भाऊ, नमस्कार. जीप रिकामी पाठवून राह्यली, रागावू नको. म्हणजे रागाव, पन मंग पुढचं वाच.

मी येऊ शकत नाई. ह्या चौदा बाया माह्या शब्दावर आल्या. मी गेली तं उद्या दुसरीची ओळ लागीन, तिच्यासाठी कोण बोलीन? न आतापावेतो तोडलेल्याची मजुरी शेवटी भेटते. मधात गेलं तं सगळं गेलं.

म्हणून मी रविवारी जंगूकडे गेली. सगळे जेवत होते. मी म्हटलं, जंगू भाऊ, ओळ कोंबड्यानं गेली तं कोंबड्यानंच परत येईन. येत्या रविवारी एक झुंज, माहा कोंबडा न तुमचा. जिंकली तं माह्या न इस्तारीच्या सगळ्या ओळी मोकळ्या. हरली तं होळीपावेतो नाई, एप्रिलपावेतो मी तुमच्यासाठी तोडतो.

जंगू म्हणे का बाई, बागेत बाया येत नाई. रुखमाबाई म्हणे का बाईची ओळ बागेत जाऊ शकते तं बाई काऊन नाई. मुकादम हसला. मुकादम हसला म्हणजे झालं, इथी तोच शिक्का हाये. जंगूनं हात पुढं केला.

आता भाऊ, खोटं बोलू नको. तुले कोंबडा कळते. बाबा झुंजीचे कोंबडे पाळत होते तवा त्याइचे पाय कोमट पाण्यानं तूच धुवत होता, मी टोपलं धरत होती. बाबा म्हणत का देवरावनं बोट ठेवलेला कोंबडा हरत नाई. मंग तू नागपूरले शिकाले गेला न संस्कृत झाला. मी कोणाले नाई सांगितलं. वहिनीले बी नाई. पन आता मले सांग.

रुखमाबाईनं गावात तीन कोंबडे पाहून ठेवले. एक पांढरा, लई देखणा. एक लाल. एक राखी, शेपटाचे दोन पंख तुटलेले. जंगूजवळ दोन हायेत. एक पिवळट लाल, त्यानं संक्रांतीपासून कोणालेच सोडलं नाई. एक काळा, साधा. जंगू पंचांग पाहते, कोणत्या वाराले कोणता रंग जिंकते त्याचं. इथी लई जण पाहतात.

मले काय होऊन राह्यलं, भेव हाये का आनंद हाये समजत नाई. इस्तारी माह्याकडे पाहत नाई, पन काल त्यानं पातं काढून दगडावर घासाले घेतलं. मी दगडावर पाणी टाकलं.

तुह्या उत्तराची वाट, न तुह्या रागाची नाई,
गोकुळा

---

मूल
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. सौ. गोकुळा हिला आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझा हा विचार सर्वथा अनुचित, अशास्त्रीय, कायद्याला सोडून आणि आपल्या कुळाला न शोभणारा आहे. एका अधर्माचा परिहार दुसऱ्या अधर्माने होत नाही. मी यात कोणतेही साहाय्य करू शकत नाही. एका शिक्षकाकडून तू अशी अपेक्षा ठेवलीस याचा विषाद वाटतो.

तुझा,
देवरावभाऊ

ता. क. पांढऱ्याचा विचार सोड. पांढरा देखणा असतो आणि त्याला ते माहीत असते.

तिघांना उपाशी ठेवून एकमेकांपासून हातभर अंतरावर बांध आणि मूठभर तांदूळ टाक. जो धावून खातो तो पोटाचा. जो तुझ्याकडे पाहतो तो लाडाचा. जो आधी दुसऱ्या दोघांकडे पाहतो आणि मग एकच दाणा उचलतो, त्याच्यावर बोट ठेव. तुटलेल्या पंखांकडे पाहू नकोस. पंख तुटूनही जो उभा आहे त्याला कुणीतरी तोडायला आला होता आणि परत गेला, एवढाच त्याचा अर्थ.

मग मांडी धर. भिजलेला दोरखंड वळल्यासारखी लागली पाहिजे. पायाचे खवले कोरडे आणि घट्ट. डोळा लहान चालेल, ओला नको.

शनिवारी सकाळी पत्र हाती पडले की लगेच निवड कर. संध्याकाळी अर्धपोटी ठेव. टोपल्याखाली, अंधारात, कोंबड्यांचा आवाज येणार नाही अशा जागी. कोंबडी ऐकली की त्याचे अर्धे लक्ष संसारात जाते. रविवारी सकाळी तोंडात पाणी घेऊन त्याच्या चेहऱ्यावर फवारा मार. कोमट पाण्याने पाय धू. बाबा डाव्या पायापासून सुरुवात करत. कारण विचारलेस तर मला ठाऊक नाही, पण तू डाव्यापासूनच कर.

काती म्हणजे ते पायाचे पाते इस्तारीजींनाच बांधू दे. त्यांच्याविषयी माझे जे मत आहे ते तसेच आहे, परंतु हे काम त्यांच्याहून चांगले करणारा तुझ्या टोळीत नसावा. दोरा सैल राहिला तर पाते फिरते, घट्ट झाला तर पाय बधिरतो.

त्या रंगांच्या पंचांगाविषयी. जो पंचांग पाहतो तो कोंबडा पाहत नाही, वार पाहतो. हे आपल्या उपयोगाचे आहे. झुंज दुपारी लाव, सकाळी नको. दुपार झाली की ही माणसे हमखास काहीतरी हिशेब करतात आणि तो चुकतो.

हे लिहिताना माझ्या लक्षात आले की ताजा कलम पत्राहून लांब झाला. तरी आणखी एक. काल बाजारात मी एका कोंबडेवाल्यापुढे इतका वेळ उकिडवा बसलो की वारलूने मागून येऊन विचारले, मास्तर, काही हरवले का. मी म्हणालो, आठवते आहे. मला रात्रभर बाबांच्या हाताचा वास येत होता, हळद आणि पिसांचा. पस्तीस वर्षे झाली. साधनाने विचारले, झोप का नाही. मी परीक्षेचे निमित्त सांगितले.

हे पत्र वाचून जाळ. किंवा जाळू नकोस, मांडीविषयीचा भाग पुन्हा वाचावा लागेल.

तुझा विषण्ण आणि अत्यंत उत्सुक,
देवरावभाऊ

---

वेंकटापुरम
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. भाऊले नमस्कार. निकाल शेवटी लिहिला हाये. मधातलं सोडून वाचू नको, तुले माह्या गळ्याची शपथ.

तुह्या परीक्षा घेतल्या. तांदूळ टाकला. पांढऱ्यानं खाल्ला न आणखी मागितला. लाल माह्याकडे पाहत राह्यला. राखीनं पांढऱ्याकडे पाह्यलं, लालकडे पाह्यलं, मंग एक दाणा उचलला. रुखमाबाई म्हणे का हा तं रस्स्याचा हाये. मी मांडी धरली न म्हटलं, मावशी, हा रस्स्याचा नाई.

रविवारी दुपारी आम्ही चौदाच्या चौदा जणी बागेत गेलो. माणसं बाजूले झाले, शाळेत साहेब आला का पोरं होतात तसे. एका म्हाताऱ्यानं बिडी विझवली. ताडीवाल्यानं मडकं झाकलं. रुखमाबाई त्याले म्हणे का झाकू नको बाबू, आम्ही धाड घालाले नाई आलो, वास येऊ दे. तितक्यात सगळे हसले न माहे पाय जमिनीले लागले.

जंगूजवळ दोन टोपले होते. त्यानं माह्या राखीकडे पाह्यलं, उन्हाकडे पाह्यलं, बोटाच्या पेरावर अंगठा फिरवला. म्हणे का रविवारी दुपारून राखीवर काळा चालते, लाल नाई चालत. त्याच्या टोळीचा एक जण म्हणे का जंगू, लाल काढ न. जंगू त्याच्यावर खेकसला, तुले काय समजते. लालचं टोपलं त्यानं बाजूले सारलं. भाऊ, मी तवा श्वास सोडला. तूच लिहिलं होतं.

इस्तारीनं काती बांधली. तवा त्याचे हात दगडावानी होते. लाल दोऱ्याचे सात वेढे. माह्याकडे पाह्यलं नाई.

पहिल्या उडीत काईच दिसलं नाई, धूळ न पंख. दुसऱ्या उडीत काळा वर न आपला खाली. माणसं जंगूच्या नावानं ओरडाले लागले. मले वाटलं गेलं, एप्रिलपावेतो माहे हात त्याचे. तिसऱ्या उडीत आपला राखी उडालाच नाई. तो खाली वाकला. काळा त्याच्या वरून गेला न उतरला तं त्याचा एक पाय टेकतच नव्हता. मंग त्यानं पाठ फिरवली. पाठ फिरवली का हरला. एक खर्रा घोटाले जितका वेळ लागते तितकाबी नाई लागला.

मी ओरडली म्हणते, मले याद नाई. रुखमाबाई म्हणते झाडावरचे पाखरं उडाले. मुकादमानं सगळ्याइसमोर सांगितलं का उद्यापासून गोकुळाबाईची ओळ गोकुळाबाईची, इस्तारीची इस्तारीची.

हे पत्र इथीच संपलं असतं तं मले बरं वाटलं असतं.

जंगू आला. रागात नाई, हसत. म्हणे का बाई, आज तुमचा दिवस हाये, आणखी एक होऊ द्या. आता लाल काढतो. माह्या सगळ्या ओळी एप्रिलपावेतो, तुमच्याबी तितक्याच.

भाऊ, मले नाई म्हणाचं सुचलंच नाई. तुले खरं सांगतो. मिरची तोडताना चुकून डोळ्याले हात लागला का कशी आग पसरते, तसं अंगात पसरलं होतं, पन गोड. मी त्या लालकडे पाह्यलं न मले वाटलं, आपला राखी ह्यालेबी पाडते. मले तेवढंच दिसलं. बाया दिसल्या नाई. दवातली ओळ दिसली नाई. तू दिसला नाई. मी तोंड उघडलं, हो म्हणासाठी.

तवा इस्तारी माह्यासमोर येऊन बसला. वीस दिवसात पहिल्यांदा त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं. लई वेळ पाह्यलं. मंग माह्या काखेतून कोंबडा घेतला, गुडघ्यात दाबला न दातानं दोरा तोडला. काती खाली पडली. इथचा नियम हाये, काती एकदा सुटली का त्या दिवशी तो कोंबडा झुंजत नाई, कोणी म्हटलं तरी नाई. जंगूनं खांदे उडवले न टोपलं झाकलं.

रस्त्यानं मी इस्तारीवर लई भडकली. म्हटलं, तुले माहं जिंकणं पाहवलं नाई. तुह्या हरण्यात मी गप राह्यली न माह्या जिंकण्यात तू मधात आला. रुखमाबाईबी त्याले बोलली. तो कोंबडा घेऊन चालत राह्यला. झोपडीपाशी आल्यावर म्हणे का गोकुळा, खेळताना माणूस कसा दिसते मले माहीतच नव्हतं. मी तं नेहमी कोंबड्याकडे पाहत होतो. आज तुह्या तोंडावर पाह्यलं न मले भेव वाटलं.

मंग मी त्याच्या हातून कोंबडा घेतला न टोपल्याखाली ठेवला.

आज सकाळी ओळीच्या टोकावर उभी राह्यली. हात आपोआप चालले, मले सांगावं नाई लागलं. सांजच्याले काट्यावर मुकादमानं माहं नाव घेतलं. इस्तारी बाजूच्या ओळीत होता. मी त्याले विचारलं, येत्या रविवारचं काय. तो म्हणे, माहीत नाई. खोटं नाई बोलला. मी म्हटलं, मी पन सांगू शकत नाई माहं. तं दोघं हसलो.

वहिनीले नमस्कार. आता तिले बाबाच्या कोंबड्याचं सांगून टाक, माह्या पोटात राहत नाई.

तुही,
गोकुळा

---

मूल
रविवार, २३ फेब्रुवारी

चि. सौ. गोकुळा हिला पोटभर आशीर्वाद. इस्तारीजींना सप्रेम नमस्कार, आणि तो या वेळी अगदी खरा.

पहिल्यांदा अपराध कबूल करतो. बुधवारी डोमाची जीप दुपारी येते, मी सकाळपासूनच्या तासिका दुसऱ्यांवर ढकलून अकरा वाजता स्टँडवर उभा होतो. पत्र हातात पडताच मी तुझ्या गळ्याची शपथ मोडली. पाठ फिरवली, एवढे दोन शब्द शोधले आणि स्टँडवर उडी मारली. चोपन्नाव्या वर्षी. पानठेल्यावाल्याने पाहिले आहे. मग घरी येताना चालत चालत पुन्हा वाचायला लागलो आणि तू तोंड उघडलेस त्या जागी रस्त्यात थांबलो. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. मी आधी निकाल वाचला होता, गोकुळा, आणि बहीण मागाहून.

आता जे लिहितो ते लिहिताना मान खाली आहे. त्या बाजाराच्या दिवशी वारलूने माझ्याकडून सगळे काढून घेतले होते. तो म्हणाला, सिरोंच्याकडच्या माणसापुढे आपली बाई टिकणार नाही. मी म्हणालो, टिकेल. तो म्हणाला, लावता का. मी, देवराव, संस्कृतचा अध्यापक, ज्याने पाचच दिवसांपूर्वी तुला परिसीमा वगैरे शब्द पाठवले होते, म्हणालो, लावतो. तो हरला तर वर्षभर खर्रा सोडणार. मी हरलो तर त्याच्या घरच्या सात माणसांना आमच्याकडे मरळ मासा आणि भात, पोटभर.

गुरुवारी संध्याकाळी वारलू घरी आला, खर्ऱ्याशिवाय, चेहरा उतरलेला. मला इतका आनंद झाला होता की मी बैठकीत त्याच्या आणि साधनाच्या देखत सगळी कथा सांगितली. बाबांचे कोंबडे, तांदळाची परीक्षा, तू, जंगू, काती, पैज, सगळे. मला वाटले दोघे वाहवा करतील. वारलूने केली.

साधना वांगी चिरत होती. तिने विचारले, मरळ कोण आणणार होते. मी म्हणालो, मी. साफ कोण करणार होते. मी चष्मा पुसू लागलो. सात माणसांचा रस्सा कोण करणार होते, भात कोण टाकणार होते, भांडी कोण घासणार होते. वारलू चपला शोधू लागला. मग तिने सुरी खाली ठेवली आणि अगदी सौम्यपणे विचारले, काऊन जी, तुमी कोणाची ओळ लावली होती?

मी म्हणालो, पण मी जिंकलो ना. ती म्हणाली, आणि हरले असते तं मले कधी सांगणार होते? मी खरे उत्तर दिले. रविवारी सकाळी, मासे आणल्यावर.

बाई, तुला काट्यापाशी कळले. तिला चुलीपाशी कळले असते.

तेव्हा आज रविवार. वारलूच्या घरची सातही माणसे ओसरीवर बसली आहेत. पैज जिंकूनही जेवण आम्हीच देतो आहोत आणि ते मी करतो आहे. मरळ बोटांतून तीनदा निसटला, चौथ्यांदा राखेत घोळला. खवले माझ्या चष्म्यावर आहेत. साधना बाहेर बसून तुझे पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते आहे, मधले काहीही न सोडता, आणि वारलूची बायको तिला त्याच जागी थांबवून पुन्हा वाचायला लावते आहे, इस्तारीजींनी दोरा तोडला त्या जागी. वारलू खर्ऱ्याच्या आठवणीने बडीशेप चावतो आहे. आतून मला दर पाच मिनिटांनी विचारणा होते आहे, रस्स्यात मीठ पडले का. पडले की नाही मला आठवत नाही, चव घ्यायची भीती वाटते.

इस्तारीजींना सांग, पुढच्या रविवारचे माहीत नाही असे त्यांनी म्हटले, ते मला फार आवडले. माझ्या पुढच्या रविवारचे मात्र साधनाला माहीत आहे. भांडी तिने मोजून ठेवली आहेत.

आमच्यावर जितका लोभ ठेवतेस तितकाच त्या दवातल्या ओळीवर ठेव. आमच्या वाट्याला कमी आला तरी चालेल.

तुझा,
देवरावभाऊ